बसून राहिलेला

त्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीचा प्रश्न नेहमीच्याच आवाजात विचारला, सगळी मंडळी उभी राहिली, आणि सत्यवान भिंगारदिवे बाकावर बसून राहिला. त्यानं आधी काही ठरवलं नव्हतं. बंड करण्याचा त्याचा पिंडच नव्हे. मिशनच्या शाळेत दुसरीच्या पोरांना पाढे शिकवणारा माणूस बंड करून करून काय करणार, फार तर खडू जरा जोरात आपटेल. पण पाय उठेनात. समोर बाप्तिस्म्याच्या पाण्याचं पितळी भांडं, त्याच्याजवळ खाकी सदरा घातलेला फिलिप आणि त्याची बायको, आणि तिच्या हातांत पांढऱ्या कापडात गुंडाळलेली महिन्याभराची पोर. पोरीचं नाव रोझी. "या लेकराला वाढवण्यात तुम्ही सर्व मंडळी आईबापांना साथ द्याल काय? देणार असाल तर उभे राहा," पाळकसाहेब म्हणाले, आणि बाक एकदम करकरले. सत्यवानाच्या शेजारी त्याची बायको मार्था उभी राहिली. तिच्या पातळाचा काठ त्याच्या खांद्याला घासून वर गेला. तिनं खाली पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं. निदान डोकं दुखतंय असं खुणेनं सांगता आलं असतं. सगळ्या पाठी उभ्या राहिल्यामुळे त्याला समोरचं काही दिसेना. दिसत होती ती पुढच्या माणसाच्या कोटाची उसवलेली शिवण. पाणी पडल्याचं त्याला पोरीच्या रडण्यावरून कळलं.

सहा वर्षं हा प्रश्न त्यानं चुकवला होता, आणि चुकवतो आहोत हे त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं. तो चर्चची पायपेटी वाजवायचा. पेटी कोपऱ्यात, भिंतीला लागून. वाजवणाऱ्याची पाठ मंडळीकडे. प्रश्न झाला, मंडळी उठली, की लगेच गीत सुरू व्हायचं, म्हणून प्रश्नाच्या आधीपासूनच त्याचे पाय भाता भरू लागायचे आणि बोटं पट्ट्यांवर टेकलेली असायची. पेटीवाल्यानं उभं राहावं अशी कुणाची अपेक्षा नव्हती. तो उभा राहिला तर वाजवणार कोण? किती पोरं त्या पाण्यानं भिजली, किती वेळा मागे बाक करकरले, हे त्यानं ऐकलं होतं, पण शेजारच्या घरात भांडी पडलेली ऐकावीत तसं. आणि त्या आठवड्यात उंदरांनी भात्याचं कातडं कुरतडलं. लढाईपायी माणसांनाच धान्य मिळेना, तिथं उंदरांनी तरी काय खावं. पेटी मुकी झाली, मास्तर पहिल्यांदाच बायकोच्या शेजारी येऊन बसले, आणि इतकी वर्षं पाठीवरून गेलेला प्रश्न थेट तोंडावर आला.

उपासना सुटल्यावर बाहेर चिंचेखाली सलामांची देवघेव चालली होती. आज त्याच्या वाट्याला सलाम जरा उशिरानं येत होते. लंकाबाई, मंडळीतल्या एका जुन्या पंचाची विधवा, काठी टेकत त्याच्यापर्यंत आली. ही बाई कुणाच्याही घरातलं दुखणं त्या घराच्या आधी ओळखायची. "पाय लचकला का काय मास्तर?" तिनं विचारलं. हो म्हणून टाकणं सोपं होतं. म्हातारीनं आपल्या पदरची सबब आयती पुढे केली होती. "नाही," सत्यवान म्हणाला. "मंग कसर असंल अंगात." "कसर नाही, ताप नाही, लंकाबाई." तेव्हा लंकाबाईनं त्याचा नाद सोडला आणि मार्थाकडे वळून तिचा हात दाबला. रोग्याशी बोलून उपयोग नसला की माणसं त्याच्या घरच्यांशी बोलतात, तसं तिनं केलं. मार्था हसली आणि घरी चला म्हणाली.

घर सर्जेपुऱ्यात. वाटेत धान्याचं दुकान लागायचं. रविवार म्हणून फळ्या लागलेल्या होत्या, पण उद्याच्या रांगेसाठी लोकांनी आजच दगड मांडून ठेवले होते. दगड, विटा, एक फुटकं घमेलं, एका धोंड्याला ओळखीसाठी बांधलेली चिंधी. माणसांच्या जागा दगड धरून बसले होते आणि कुणी कुणाचा दगड हलवत नव्हतं. सत्यवानाच्या मनात आलं, त्या रोझीच्याही नावाचा दगड कधीतरी इथं येणार. यायचं का, असं तिला कुणी विचारलं होतं का? भिंगारच्या छावणीकडे जाणाऱ्या लष्करी लॉऱ्यांनी धुरळा उडवला आणि मार्थानं पदर नाकाला लावला. त्रेचाळीस साल सरत आलं होतं. शहराच्या किल्ल्यात सरकारनं देशातली मोठमोठी पुढारी माणसं कोंडलेली, बंगालात माणसं रस्त्याच्या कडेला मरून पडतायत असं रोज छापून येत होतं, आणि इकडे फिलिपनं पोरीपायी गूळ वाटला होता. सत्यवानाचं म्हणणं साधं होतं, आणि ते त्यानं लग्नानंतर तिसऱ्या दिवशीच मार्थाला सांगितलं होतं. जो जन्मलाच नाही त्याला भूक लागत नाही. तो कुणाच्या दारात उभा राहत नाही, आणि त्याला कुणी खोटा शब्द देत नाही. त्याला आणायचं आपल्या हौसेनं, आणि भोगायचं मात्र त्यानं, हे बरोबर नव्हे. मार्था तेव्हा वीस वर्षांची होती. "बरं," एवढंच म्हणाली. नव्या नवऱ्यांना असलं काहीबाही सुचतं, उतरेल हळूहळू, असं तिला वाटलं असावं. ते उतरलं नाही. मार्था शाळेत बालवर्ग घेत राहिली, दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसत राहिली, आणि मंडळीतल्या बायका तिला औषधं सुचवत राहिल्या.

राजूर म्हटलं की लोकांना डोंगरातला बाजार आठवतो. तिथं लहानपण गेलेल्या सत्यवानाला दारं आठवायची. मानमोडीच्या तापाची, म्हणजे इन्फ्लुएंझाची, साथ आली त्या अठरा सालात तो सात वर्षांचा होता. बाप तिथल्या मिशनशाळेचा मास्तर. घरात सगळ्यांत आधी बापच गेला. मग आईनं अंथरूण धरलं, आणि तिच्या कुशीत मरिया, त्याची तान्ही बहीण, आईला दूध येईना म्हणून रडत राहिलेली. त्याच उन्हाळ्यात मरियाचा बाप्तिस्मा झाला होता. शाळेच्या खोलीत चटयांवर बसलेली राजूरची मूठभर ख्रिस्ती मंडळी मिशनच्या गोऱ्या साहेबाच्या प्रश्नाला उभी राहिली होती. सत्यवानही सगळ्यांबरोबर उठला होता, आणि उठताना आपण फार मोठे झालो असं त्याला वाटलं होतं. आता आईनं त्याच्या हातात तांब्या दिला. "जा रं बाबा, कुनाकडं दूध न्हाईतर पेज भेटती का बघ." तो त्याच माणसांच्या दारांत गेला. बाहेर तिसऱ्या प्रहराचं ऊन होतं आणि दारं लावलेली. तांब्या खाली ठेवून त्यानं दोन्ही हातांनी दारं वाजवली. शेवटच्या घराच्या फटीतून चुलीचा उजेड दिसत होता, भाकरी भाजल्याचा वास येत होता. आतली चाहूल थांबली, पण कडी निघाली नाही. तो रिकामा तांब्या घेऊन परत आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ठाकरवाडीतली मनकर्णा उंबऱ्यात आली. ती शेळ्या राखायची, चर्चशी तिचा काडीचा संबंध नव्हता. हातात नागलीच्या पेजेचं गाडगं. "पोरीचं रडू आइकू यायचं थांबलं," ती म्हणाली, "म्हनून आले." त्या पेजेवर आई जगली आणि तोही जगला. पुढे शाळा झाली, नोकरी लागली, पेटी शिकून झाली, पण कुठंही दार वाजलं की त्याला आधी तांब्याची थंडगार कड हाताला लागायची.

घरी आल्यावर मार्थानं पातळ बदललं आणि चूल पेटवली. रेशनच्या तांबड्या ज्वारीची भाकरी धड थापली जात नव्हती, कडांना तुटत होती. तो भिंतीला टेकून बसला. आता ती विचारील, म्हणून त्यानं उत्तर जुळवून ठेवलं होतं. तिनं विचारलंच नाही.

"तुम्ही मला विचारत नाही," ती तव्याकडे बघत म्हणाली.

"काय विचारू?"

"मी का उभी राहिले ते."

"तू नेहमीच राहतेस."

"आज वेगळं होतं. मला या माणसांची गरज लागणार आहे." तिनं भाकरी उलटली. "ईस्टरच्या सुमाराला."

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग एकदम सगळं कळलं. गेले दोन महिने तिचं सकाळी परसात जाऊन उभं राहणं, चहाचा कप तसाच ठेवून देणं, पातळ जरा वर नेसणं. निग्रह कितीही खरा असला तरी घरात खाट एकच होती, आणि आषाढातली एक रात्र त्याला नीट आठवत होती, कारण नंतर तो पहाटेपर्यंत जागा राहून स्वतःला काही होणार नाही असं सांगत पडला होता. त्याला राग आला. रागाच्या खाली भीती होती, आणि ती सात वर्षांच्या पोराची होती. एका सुईणीचं नाव शाळेतले मास्तर दबक्या आवाजात घेत. ते नाव त्याच्या जिभेवर आलं. त्यानं तोंड उघडलं.

"ते बोलू नका," मार्था म्हणाली. "बोललात तर मी विसरणार नाही."

त्यानं तोंड मिटलं. मग तो म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुम्ही मला पटवून दिलं असतंत. तुमचं बोलणं मला खरं वाटतं, तीच पंचाईत आहे. म्हणून मी एकटीनं ठरवलं. तुम्हाला विचारलं नाही, आणि त्यालाही विचारता येत नाही. मोठं होऊन ते म्हणेल, मला का आणलंस, तेव्हा उत्तर मी देईन. तुमच्यावर ढकलणार नाही." तिनं त्याच्यापुढे ताट सरकवलं. "जेवा आता. थंड झाली की ही भाकरी चाववत नाही."

तो जेवला. जेवण घशाखाली उतरतं याचंच त्याला नवल वाटलं.

पुढचे दिवस त्यानं शाळेत काढले. दुसरीच्या वर्गात उपाशी आलेलं पोर त्याला ओळखू यायचं; ते पाढा म्हणताना मधले आकडे गिळतं आणि शेवटचा आकडा जोरात म्हणतं. आजवर हे तो आपल्या म्हणण्याचा पुरावा म्हणून पाहत आला होता. बघा, आणलं आणि उपाशी ठेवलं. आता तीच पोरं पाहताना त्याला आपल्या घरचं, अजून चेहरा नसलेलं एक पोर त्यांच्यात दिसायला लागलं, तेही आकडे गिळत होतं, आणि त्याच्याकडे पुरावा म्हणून बघणं काही केल्या जमेना. मार्था शेजारच्या वर्गातून गाणं म्हणवून घेत होती. तिचा आवाज नेहमीसारखा होता. कसली ही बाई, असं त्याच्या मनात आलं, आणि त्यात राग किती आणि कौतुक किती ते त्याला उमगलं नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर तो भाता दुरुस्त करायला चर्चमध्ये गेला. माळीवाड्यातल्या चांभाराकडून मऊ कातड्याचा तुकडा आणला होता, डब्यात चिकटवायचा सरस वितळवून घेतला होता. रिकाम्या चर्चमध्ये सरसाचा उग्र वास भरला. पेटीची मागची फळी काढून, तोंडात चुका, बारीक खिळे, धरून तो जमिनीवर पालथा पडला असताना कुणीतरी दारात खाकरलं. फिलिप. छावणीच्या गोदामात हमाली करायचा, तिथूनच आलेला. खांद्यावर पोत्याचे धागे चिकटलेले.

"सलाम, मास्तर. एक इचारायचं हुतं."

सत्यवानानं चुका तोंडातून काढल्या. "विचार."

"आमच्या पोरीचं काय चुकलं?"

"म्हणजे?"

"मंडळी म्हंत्यात, मास्तर शिकल्यालं मानूस, त्येंला कायतरी दिसलं असंल. बायकू रडती. म्हनती, पोरीत काय खोट हाय का?" फिलिप बाकाच्या कडेवर अर्धवट टेकला. "एवढी मंडळी उभी ऱ्हायली मास्तर, ती तिला दिसलीच न्हाईत. तुमी बसल्यालं तेवढं दिसलं."

सत्यवानाजवळ उत्तर होतं. इतक्या वर्षांत ते घासूनपुसून लख्ख झालेलं होतं. जो जन्मलाच नाही त्याला भूक लागत नाही. पण हे रोझीच्या बापाला सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुझी पोर नसती तर बरं झालं असतं, असं? ती तर आली होती. सर्जेपुऱ्यातल्या कुठल्यातरी खोलीत ती या घटकेला झोळीत पडलेली होती आणि तिला भूक लागत होती. न आलेल्याबद्दल त्याच्यापाशी खूप बोलण्यासारखं होतं. आलेल्याबद्दल एक शब्द नव्हता. इतका विचार करून आपण नेमकं हेच कसं सोडून दिलं, याची त्याला लाज वाटली.

"तिच्यात काही खोट नाही," तो म्हणाला. "जे माझ्यानं पाळवणार नाही त्याला मी उभा राहत नाही. पोर वाढवायला साथ देईन म्हणायचं, आणि वेळ आली की दार लावून घ्यायचं. मी पाहिलंय ते."

फिलिपनं त्यावर विचार केला. मानेवरचा घाम पुसला. "मंग जेवढं पाळवंल तेवढं तरी सांगा," तो म्हणाला. "बायकूला काय सांगू म्या?"

सत्यवानानं डब्यात काडी फिरवून पाहिली. सरस निवत चालला होता. त्यानं स्वतःला तपासलं; दूध देईन म्हणावं तर दूध त्याच्याच घरी नव्हतं. पैसाअडका, औषधपाणी, शिक्षण, त्यातल्या कशाचीच खात्री देता येत नव्हती. सगळं बाजूला केल्यावर एकच गोष्ट उरली, आणि ती त्याच्या हातातली होती.

"माझं घर ठाऊक आहे तुला? मारुतीच्या बोळातलं शेवटचं. कसलीही साथ येवो, घरात काही असो नसो, तुमच्यातलं कुणीही येऊन दार वाजवलं तर मी उघडीन. आत काय मिळेल ते सांगत नाही. दार उघडीन."

"लई झालं," फिलिप म्हणाला. मग तो उठला, बाह्या वर सारल्या आणि पेटीमागे उकिडवा बसला. "धरू का म्या हितं? एकट्यानं कातडं ताणवायचं न्हाई तुमाला." सरस धरेपर्यंत दोघं भाता दोन्ही बाजूंनी दाबून बसले, आणि फिलिप पोरीच्या जावळाबद्दल बोलत राहिला.

घरी येऊन त्यानं मार्थाला सगळं सांगितलं. ती परसात भांडी घासत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही, संपल्यावर थांबला.

"एक विचारू? इतकी वर्षं विचारलं नाही," ती म्हणाली. "राजूरला त्या घरांत दार उघडायला कुणी उठण्यासारखं होतं का?"

हा प्रश्न त्याला कुणी केला नव्हता. त्यानं स्वतःलाही केला नव्हता, कारण उत्तर त्याला माहीत होतं. "पहिल्या घरात नवरा-बायको दोघं मेलेली होती," तो हळूहळू म्हणाला. "आठवड्यानं दार फोडलं तेव्हा कळलं. त्याच्या पलीकडे एक म्हातारी, तापानं फणफणलेली. एका घरातली माणसं तालुक्याच्या अकोल्याला निघून गेली होती."

"आणि तो चुलीचा उजेड?"

"तिथं धडधाकट होती."

"म्हणजे एक घर," मार्था म्हणाली.

"एक घर पुरतं, मार्था."

तिनं शेवटचं भांडं विसळलं. तांब्या उपडा घातला. "हो," ती म्हणाली, "पुरतं."

तिनं हे कबूल केलं, आणि त्याच्या छातीवरचं काहीतरी पंचवीस वर्षांनी हललं. ती वाद घालेल, समजूत काढेल, देवाचं नाव घेईल, याची त्याला धास्ती होती. त्यातलं काहीच तिनं केलं नाही. "माझं मत बदललेलं नाही," तो म्हणाला. "आणायला नको होतं असंच मला वाटतं. उद्याही वाटेल."

"वाटू द्या. मत ठेवा तुमच्यापाशी. आढ्याची ती मधली तुळई झोळी पेलेल का, तेवढं मात्र बघा."

तो आत गेला, स्टुलावर चढला आणि तुळईला दोन्ही हातांनी लोंबकळला. तुळई हलली नाही. स्टूल मात्र कलंडलं, आणि मार्था परसातून धावत आली तेव्हा मास्तर अधांतरी पाय हलवत होते. ती इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला.

नाताळाआधीच्या रविवारी पुन्हा बाप्तिस्मा होता, मंडळीतल्या आक्काबाईच्या नातवाचा. भाता बरा झाला होता. नव्या कातड्याचा वास येत होता, पण सूर नीट लागत होता. सत्यवान पेटीवर बसला, भिंतीकडे तोंड करून, नेहमीसारखा. पाय भाता भरू लागले. बोटं पट्ट्यांवर टेकली. या वेळी मात्र त्यानं ठरवलेलं होतं, आणि ते त्यानं मार्थालाही सांगितलं नव्हतं. मागे पाळकसाहेबांनी प्रश्न विचारला. बाक करकरले. त्यानं पाय काढून घेतले, बोटं उचलली, उठला, आणि मंडळीकडे तोंड करून उभा राहिला.

इतक्या वर्षांत उभी राहिलेली मंडळी त्यानं समोरून कधी पाहिली नव्हती. पाठमोऱ्यानं ऐकली होती फक्त. लंकाबाई काठीवर भार टाकून, थरथरत, पण उभी होती. कुणाचा कोट उसवलेला, कुणाचे डोळे झोपेनं जड. यातलं कोण दार उघडील आणि कोण चुलीजवळ गप्प बसेल, हे चेहऱ्यावरून सांगता येत नव्हतं; राजूरच्या त्या माणसांचेही चेहरे असेच असणार. त्याला त्यांच्याबद्दल खात्री वाटली नाही. त्यासाठी तो उठलाच नव्हता; तो उठला होता आपल्या एका दारापुरता. दुसऱ्या ओळीत मार्था उभी होती, एक हात पुढच्या बाकावर, एक पोटाशी, आणि तिनं त्याच्याकडे सरळ पाहिलं. तिच्या पलीकडे फिलिप, खांद्यावर रोझी. पोर जागी होती आणि आपल्याला बघायला उभ्या राहिलेल्या या नव्या माणसाकडे तोंड वासून बघत होती.

गीताची वेळ झाली. पाळकसाहेबांनी पेटीकडे मान वळवली, आणि पेटीवर कुणी नाही असं पाहून पुस्तक हातात तसंच धरून थांबले. कुणीतरी खोकलं. मग फिलिपनं आपणहून गीत उचललं, पार वरच्या पट्टीत, जिथं बायकांचाही आवाज पोचेना. दोघं-तिघं त्याच्यामागे धडपडले, मग मार्था, मग सगळी. मास्तर मागे सरकून बसतील आणि सूर देतील असं साऱ्यांना वाटत होतं. त्याच्या पाठीमागे भात्यातली हवा हळूहळू निघून गेली, आणि सत्यवान गीत संपेपर्यंत उभाच राहिला.